रक्तावरची साय

त्या कागदावर निळ्या शाईनं एकच शब्द हातानं लिहिलेला होता आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. "मद्यपान?" शब्द सगळ्यांनी वाचला. प्रश्नचिन्ह एकानंही वाचलं नाही. आजही आठवलं की माझं डोकं तापतं ते त्या प्रश्नचिन्हावरून. अरे, शंका होती ना तुम्हाला? मग विचारायचं होतं की! माणूस तुमच्याच गेटवर रांगेत उभा होता.

तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ. आम्ही चिंचणीचे, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. वडील गेल्यावर होडी विकावी लागली आणि भाऊ दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायला लागला. चोविसाव्या वर्षी त्याच्या मनानं घेतलं की आता कंपनीत लागायचं. तारापूरच्या एमआयडीसीत एका कंत्राटदाराला हेल्पर हवे होते. त्याआधी मेडिकल. पत्र्याच्या शेडमध्ये टेबलं मांडून रक्त घेतलं आणि तीन दिवसांनी हा कागद हातात ठेवला. यकृताचे आकडे वाढलेले, रक्तात चरबी फार, तात्पुरता अपात्र आणि खाली तो निळा शब्द.

गेटवर कागद वाटणारा कंत्राटदाराचा कारकून तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण नाही. रांगेतल्या पन्नास जणांसमोर तो मोठ्यानं म्हणाला, "तेरा तो लिवर गया रे. इतनी उमर में इतना पीता है? बेवडा लोग नहीं मंगता इधर." उचलली जीभ, लावली टाळ्याला. पन्नासांपैकी दहाबारा चिंचणीचेच होते. भाऊ घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती.

आता हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर मी एवढी पेटले नसते. पण आमचे वडील दारूनं गेले. पोट फुगून, डोळे पिवळे होऊन, आईला आणि आम्हाला हाल हाल दाखवून गेले. त्यांच्या बाराव्याला भावानं सगळ्यांसमोर आईचे पाय धरले होते. तेव्हा सोळा वर्षांचा होता तो. म्हणाला, "आई, मी थेंब घेणार नाय." आणि नाही घेतला. आमच्याकडे हळदीत आणि होळीला न पिणारा पुरुष म्हणजे चेष्टेचा विषय. बोटीवर थंडीत सगळे घोट घोट मारायचे आणि ह्याला चिडवायचे, "ह्याला दूध द्या रे, बाळाला!" तो हसून चहा प्यायचा. आठ वर्षं त्यानं हे ऐकून घेतलं होतं. त्याच्याकडे होडी नाही, जमीन नाही, शिक्षण दहावी. होता तो एक शब्द, आणि तो त्या निळ्या शाईनं खाल्ला.

आईनं काय केलं? आईनं कागदावर विश्वास ठेवला. छापील होता ना! त्या दिवसापासून भाऊ बाहेरून आला की ती त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायची. वडिलांचा घ्यायची तसाच. भाऊ तोंड पुढे करायचा आणि मग हातपाय धुवायला जायचा. मला हे शेजारणीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी आईवर उखडले. "लाज नाही वाटत? तो सांगतोय ना, पीत नाही म्हणून!" आई म्हणाली, "तुझा बाप पण सांगायचा."

मी फोन ठेवला. आणि इथं माझीही लाज सांगून टाकते, कारण दुसऱ्यांवर तोंड सोडायचं आणि स्वतःचं झाकायचं हे मला जमत नाही. त्या रविवारी मी चिंचणीला गेले, भाऊ दारात आला, मी त्याला जवळ घेतलं आणि जवळ घेता घेता श्वास आत ओढला. त्याला कळलं. मला कळलं की त्याला कळलं. दोघंही जेवायला बसलो.

मी कोण, तर वीस वर्षं बोईसरच्या एका लहानशा लॅबमध्ये काम करणारी बाई. राहते उमरोळीला. लोकांचं रक्त काढायचं, नळ्या यंत्रात गरागरा फिरवायच्या, लाल भाग खाली बसला की वरचं पिवळसर पाणी मशीनला लावायचं, हे माझं काम. ते पाणी कसं दिसतं ह्यावरून मला अर्धं आधीच कळतं. कावीळ असली की हळदीसारखं. आणि कधीकधी चक्क दूध. पांढरं, दाट. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून ओरडले होते. आमच्या लॅबच्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "अगं, हा माणूस मटण खाऊन आलाय, बाकी काही नाही."

मग त्यांनी मला समजावलं आणि मी ते माझ्या पद्धतीनं डोक्यात बसवलं, आईच्या पाटीवरून. आई रोज मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात येते, दुपारी गल्लीबोळांतून फिरते. आपण तेलातुपाचं खाल्लं की आतडं असंच करतं. चरबी पाण्यात मिसळत नाही, म्हणून ती बारीक बारीक पाट्यांमध्ये भरून रक्तात सोडतं. लाखो पाट्या एकदम निघाल्या की रक्त दुधाळ दिसतं. पाटी दारोदार फिरते. स्नायू आपल्यापुरतं काढून घेतात, चरबीचे साठे आपल्यापुरतं. पाटी हलकी हलकी होत जाते. पण शेवटी तळाशी काही उरतंच. ती उरलीसुरली पाटी रस्त्यात कुठंही टाकून चालत नाही, नाहीतर ती रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते. ती पाटी यकृत घेतं. पाटीवर एक खूण असते, यकृत ती ओळखतं, धरतं आणि अख्खी पाटी आत ओढून घेतं. आई संध्याकाळी घरी येऊन उरलेलं निवडते ना, हे कालवणाला, हे मीठ लावून वाळवायला, मुंडकी मांजराला, आणि मग पाटी घासून उपडी घालते? तसंच. रात्रभरात रक्त पुन्हा स्वच्छ. म्हणून तर आम्ही सांगतो, दहाबारा तास काही खाऊ नका.

आणि एवढं राबणाऱ्या यकृताचं नाव निघतं कधी? कुणी दारू प्यायला की. जन्मभर दुसऱ्यांच्या घरचं उरलंसुरलं निस्तरायचं आणि बदनामीच्या वेळी आधी तुझं नाव! आमच्या कोळणींची हीच गत आहे. असो.

तर मला एवढं कळत होतं की भावाचं रक्त दुधाळ आलं असणार. आणि दुधाळ रक्त मशीनला नीट वाचता येत नाही. मशीन त्यातून उजेड सोडून मोजतं, मध्ये धुकं असलं की यकृताचे आकडे भलतेच येऊ शकतात. हे त्या शेडमधल्या लोकांना ठाऊक नव्हतं का? असायला हवं होतं! पुन्हा नमुना मागवायचा, एवढीच तर गोष्ट. पण शंभर माणसं उरकायची होती त्यांना एकाच सकाळी. पण दुधाळ का आलं, हा प्रश्न उरत होताच. रात्रभर उपाशी असूनही रक्त दुधाळ राहतं ते यकृताला आणि बाकीच्यांना पाट्या आवरेनाशा झाल्या की. त्याची कारणं पुष्कळ आहेत. त्यातलं एक दारू.

मी भावाला म्हटलं, "तू माझ्याकडे ये. मी स्वतः काढते." दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एसटीनं बोईसरला आला. मी विचारलं, "रात्री आठनंतर काही खाल्लंस?"

"नाय, ताय."

"चहा? बिस्कीट?"

"काय नाय. पाणी पिलो."

मी रक्त काढलं, नळी फिरवली आणि झाकण उघडून पाहिलं तर दूध. माझ्या हातानं काढलेलं, माझ्या भावाचं, माझ्या यंत्रातून आलेलं. मला वाटलं, संपलं. बाहेर बाकावर तो बसला होता. मी नळी त्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि मनाला येईल ते बोलले. वडिलांची आठवण काढून बोलले. "आईला फसवलंस, मला फसवलंस, निदान आता तरी खरं सांग!" लॅबमध्ये दोन पेशंट बसले होते, त्यांचीही पर्वा केली नाही. म्हणजे त्या कारकुनानं गेटवर जे केलं तेच मी केलं. भाऊ उठला. चहा मागवला होता, तो तसाच राहिला. दारातून म्हणाला, "मशीनला काय, तो मला ओळखत नाय. तू ओळखतेस ना?" आणि गेला.

मी ती नळी रागानं फ्रीजमध्ये ठेवली आणि दिवसभर कामात डोकं घातलं. फेकून दिली नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज उघडला तर नळीत वर सायीचा जाड थर आणि खाली पाणी नितळ. स्वच्छ, पिवळसर, हवं तसं. मी नळी उजेडात धरली. डॉक्टरीणबाईंनी फार वर्षांपूर्वी ही जुनी युक्ती दाखवली होती आणि मी विसरले होते. यकृत स्वतः बनवून सोडतं ती चरबी बारीक असते, ती अशी वर येत नाही, सगळं पाणी तळापर्यंत गढूळ राहतं. दारूचं रक्त बहुतेक तसं दिसतं. साय धरते ती आतड्यातून निघालेल्या पाट्यांची, मोठ्या आणि हलक्या. म्हणजे नुकत्याच खाल्लेल्या चरबीची. पोरगा प्यायला नव्हता, पोरानं काहीतरी खाल्लं होतं.

आता मला वेगळाच राग आला. खाल्लं होतंस तर बोलायचं नाही का रे गाढवा! मी फोन केला. चार वेळा त्यानं उचलला नाही, पाचव्यांदा उचलला. मी माफीबिफी काही मागितली नाही, तेव्हा मला ती सुचलीच नाही. एवढंच म्हटलं, "शनिवारी उमरोळीला झोपायला ये. माझ्या हातचं जेव आणि सकाळी माझ्यासमोर उठ." तो "बरा" म्हणाला.

तो आला, जेवला, झोपला. पहाटे पाचला मी उठून पाणी तापवत होते तर मागे उभा. हातात पिशवी, पिशवीत सरबताची जुनी बाटली, फडक्यात गुंडाळलेली.

"ताय, पेला दे ना एक. ह्या पिऊन घेतो, मग रगत काढ."

मी बूच काढलं. वास नाकात गेला. मुशीचं तेल! मुशी म्हणजे लहान शार्क. तिचं काळीज, म्हणजे यकृतच, केवढंतरी मोठं आणि तेलानं भरलेलं असतं. ते मंद आचेवर वितळवून तेल काढतात. आमच्या वाडीत पूर्वी होड्यांच्या लाकडाला हे तेल लावायचे, आणि अशक्त माणसाला, बाळंतिणीला चमचाभर पाजायचे. आमच्या आईचा ह्या तेलावर देवापेक्षा जास्त विश्वास.

"हे कधीपासून घेतोस?"

"रोज नाय. रगत काढायचा असला का आई देते. रगत काढणार तर अंगात भर घालाया नको? मेडिकलच्या दिवशी पेलाभर दिला. तुझ्याकडं आलो तवा दोन पेले. आई म्हणली, दारूनं काळीज खराब झाला असेल तर मुशीच्या काळजानं सुधारेल."

"अरे, मग मी विचारलं तेव्हा 'काही खाल्लं नाही' कसं म्हणालास?"

तो माझ्याकडे खरोखर न समजून बघत राहिला. "खाल्ला कुठं? औषध हाय ते."

काखेत कळसा नि गावाला वळसा! पहाटे पाचला पेलाभर शुद्ध चरबी पोटात आणि नऊ वाजता दंडाला पट्टा. नेमक्या त्याच वेळी पाट्या भरून बाजारात निघालेल्या. रक्त दुधासारखं नाही दिसणार तर काय! आणि हसू येण्याऐवजी मला रडू आलं, कारण येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी विचारते, "काही गोळ्या, औषध, काढा चालू आहे का?" आमच्या फॉर्मवर तशी ओळच आहे. भावाचा फॉर्म मी भरलाच नव्हता. घरचा माणूस, त्याला काय विचारायचं! वीस वर्षांची अक्कल मी घरच्यासाठी वापरली नाही. आईनं नाक वापरलं, मीही नाकच वापरलं.

बाटली मी ठेवून घेतली. लॅब उघडल्यावर रक्त काढलं, फिरवलं. पाणी असं नितळ की मागचं घड्याळ दिसावं. यकृताचे आकडे माझ्यापेक्षा चांगले. भावानं नळी हातात घेऊन बघितली. मी तेव्हा म्हटलं, "चुकले मी." तो म्हणाला, "आईला सांग."

आईला सांगणं सोपं नव्हतं. चिंचणीच्या ओट्यावर ती सुकवायला जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, पसरत होती. मी बाटली समोर ठेवली आणि सगळं सांगितलं, तिच्याच पाटीचा दाखला देऊन. पाटीचं तिला लगेच कळलं. मग ती माझ्यावरच उसळली. "म्हणजे मी इख घातला पोराला?"

"विष नाही ग आई. फक्त त्या दिवशी द्यायचं नव्हतं."

"त्याच दिवशी तर द्याचा! लोक रगत काढून घेनार नि मी त्याला रिकामा पाठवू? तुझा बाप कितीही भांडला तरी रिकाम्या पोटी दर्यावर नाय पाठवला मी त्याला." जवळ्यातला हात तसाच थांबला होता. मग ती म्हणाली, "म्हंजे पोर खरा बोलत होता."

"हो."

"नि मी रोज वास घेत होते."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा जवळा पसरायला लागली, आधी पसरलेल्याच जागेवर.

मग मी त्या शेडवर गेले. तिथल्या मेडिकलच्या डॉक्टरला, ओठावर मिसरूड फुटलेल्या त्या पोराला, नळीचा फोटो दाखवला, साय दाखवली, दुधाळ नमुन्यावर आकडे छापलेत म्हणून चांगलं फैलावर घेतलं. मारामारीच करायची तयारी होती माझी. पण तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "मॅडम, सोमवारी आणा, मी स्वतः बघतो." सोमवारी पहाटे भाऊ घरून निघाला तेव्हा आई दारात नव्हती. हातून काही दिलं जाईल ह्या धास्तीनं ती अर्धा तास आधीच मासळी घ्यायला निघून गेली होती.

रक्त नितळ आलं. डॉक्टरनं तिथल्या तिथे तपासून सही केली, पात्र. गेटवर तोच कारकून. त्यानं जुना कागद काढला, नवा काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि त्याचा चेहरा खुलला. रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "देखा? पंद्रह दिन दारू छोडी तो लिवर एकदम साफ! सब लोग सीखो इससे."

माझ्या कानशिलांत रक्त उसळलं. म्हणजे सुटका झाली तरी गुन्हा कायम! आता कागदावर हा सुधारलेला दारुडा. मी तोंड उघडणार एवढ्यात मागून मासळीचा वास आला. आई बाजार अर्ध्यावर टाकून आली होती. तिनं डोक्यावरची पाटी उतरवली आणि त्या टेबलावर, त्याच्या सगळ्या कागदांवर ठेवली. खालून पाणी ठिबकायला लागलं. कारकून ओरडला, "ए मौशी, क्या करती है!"

आई मराठीतच बोलली, आणि बोंबील विकताना लागतो त्या आवाजात. "माझा पोर कधीच प्यायला नाय. कधीच नाय! मी पाजला त्याला, ह्या हातानं, मुशीचा तेल. चूक माझी हाय. त्या कागदावर माझा नाव लिव."

कारकुनाला निम्मं कळलं नाही, आणि त्यानं काहीही लिहिलं नाही. पण चिंचणीचे होते त्यांना शब्दन्‌शब्द कळला.

भावानं पाटीखालून दोन्ही कागद ओढून घेतले. जुना फाडला. नवा, ओला झालेला, आईच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही, तरी ती त्या कागदाकडे बघत राहिली. मग तो खाली वाकला आणि आपलं तोंड तिच्या तोंडाजवळ नेलं, रोज न्यायचा तसं.

आईनं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला आणि श्वास आत ओढलाच नाही.